पुशबॅक करताना विमानं एकमेकांना का धडकतात: डोळा आणि ब्रेक यांच्यातलं अंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विमान बेवरून, म्हणजे त्याच्या उभं राहण्याच्या जागेवरून, मागे ढकललं जातं (यालाच पुशबॅक म्हणतात) तेव्हा वेग माणसाच्या चालीइतका असतो, आजूबाजूला कर्मचारी असतात, कंट्रोलरची परवानगी घेतलेली असते, वैमानिक आपल्या जागेवर असतो. तरीही एका विमानाचा पंख दुसऱ्याच्या शेपटीला जाऊन भिडतो. हे होतंच कसं, आणि दोष कोणाचा मानायचा?

मी रॅम्पवर (विमानं उभी राहतात त्या आवारात) हेडसेट लावून काम केलं आहे, टग, म्हणजे विमान ढकलणारं वाहन, चालवला आहे आणि आता पुशबॅकच्या चमूंना प्रशिक्षण देतो. माझं उत्तर असं आहे की या कामात ज्याला दिसतं त्याच्या हातात ब्रेक नसतो आणि ज्याच्या हातात ब्रेक असतो त्याला दिसत नाही. धडक होते ती या दोघांमधला दुवा तुटल्यामुळे. घाई, माणसांची कमतरता, पाऊस, बर्फ, अर्धवट ऐकलेली परवानगी ही तो दुवा तुटण्याची निमित्तं आहेत.

आधी कोणाला काय दिसतं ते बघू, कारण बाहेरच्या माणसाची सगळ्यात मोठी गैरसमजूत इथेच असते.

वैमानिकाला मागचं काहीही दिसत नाही. विमानाला आरसे नसतात. ए३२० किंवा ७३७ च्या कॉकपिटमधून मान पूर्ण वळवून, खिडकीला गाल चिकटवून पंखाच्या टोकाचा अंदाज घेता येतो, तोही फक्त आपल्या बाजूच्या. ७४७ किंवा ए३८० सारख्या मोठ्या विमानात तेवढंही सहज जमत नाही. शेपूट तर कोणत्याच प्रवासी विमानाच्या वैमानिकाला आपल्या खुर्चीवरून दिसत नाही. नवे टगचालक माझ्याकडे येतात तेव्हा शक्य असेल तिथे मी त्यांना उभ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये नेऊन बसवतो आणि विचारतो, "तुमच्या विमानाचं मागचं टोक कुठे संपतं ते दाखवा." त्यानंतर 'वर कॅप्टन बसलाय, तो बघेल' हे वाक्य त्यांच्या तोंडी पुन्हा येत नाही. आणि त्याला दिसलं असतं तरी उपयोग मर्यादितच. पुशबॅक चालू असताना विमानाचं स्टिअरिंग बायपास पिन लावून निष्प्रभ केलेलं असतं आणि जमिनीवरून सांगितल्याशिवाय त्यानं ब्रेकला पाय लावायचा नसतो.

टगचालक विमानाकडे तोंड करून बसलेला असतो. त्याच्या समोर नोज गिअर (विमानाची पुढची चाकं), त्यामागे विमानाचं पोट, दोन्ही बाजूंना इंजिनं. ए३२० ची लांबी साडेसदतीस मीटर आहे, ७७७-३००ईआरची जवळजवळ ७४ मीटर. म्हणजे तो ज्या टोकाला मागे ढकलतो आहे ते टोक त्याच्यापासून सर्वात लांब आणि विमानाच्याच आडोशाला असतं. त्याचं लक्ष तीन ठिकाणी वाटलेलं असतं: टोबारचा (टग आणि विमान जोडणाऱ्या दांड्याचा) कोन, जमिनीवरची पिवळी रेघ आणि हेडसेटवाल्याचा हात. यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी त्याला नजर खाली ठेवावी लागते. पंखाची टोकं मात्र वर, बाजूला आणि लांब असतात.

हेडसेटवाला नोज गिअरच्या बाजूला चालतो. वैमानिकाशी बोलणारा तोच आणि चालकाला इशारे देणाराही तोच. अलीकडे अनेक ठिकाणी हेडसेट चालकाच्याच डोक्यावर असतो आणि वेगळा माणूस नसतो. हेडसेटवाला असला तरी तो विमानाच्या नाकाशी असतो. तिथून दुसऱ्या बाजूच्या पंखाचं टोक शेजारच्या विमानापासून किती लांब आहे, हे त्याला कळत नाही.

कंट्रोलरला टॉवरमधून पिअरच्या (टर्मिनलच्या पुढे आलेल्या, विमानं लागतात त्या भागाच्या) मागची बाजू, दोन टर्मिनलांमधली बंद गल्ली किंवा मोठ्या विमानाच्या आड उभं असलेलं छोटं विमान नेहमी दिसतंच असं नाही. ग्राउंड रडारच्या पडद्यावर त्याला विमानाची खूण दिसते. विमानाचा पंख कुठपर्यंत आला आहे हे त्या खुणेवरून समजत नाही.

उरला विंग वॉकर. पंखाच्या टोकाशी, हातात दिव्याच्या दांड्या घेऊन चालणारा माणूस. पंख आणि अडथळा यांच्यामधली हवा प्रत्यक्ष दिसते ती त्याला एकट्याला. आणि या कामातला सगळ्यात कमी पगाराचा, सगळ्यात कमी अनुभवाचा माणूस बहुतेक वेळा तोच असतो. दुसऱ्या चमूला हात हवा असला की सर्वात आधी उचलला जातो तोही तोच. मला या व्यवसायातली ही सर्वात उफराटी गोष्ट वाटते आणि संधी मिळेल तिथे मी ती बोलून दाखवतो.

आता परवानगीबद्दल. 'पुशबॅक अप्रूव्ह्ड' याचा अर्थ प्रवाशाला वाटतो की मागची जागा मोकळी आहे, कोणीतरी बघून खात्री केली आहे. तसा तो नाही. इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येत विमानतळाच्या 'मॅन्युव्हरिंग एरिया'मध्ये एप्रन, म्हणजेच रॅम्प, मोडतच नाही. धावपट्टी आणि टॅक्सीवे (धावपट्टीकडे नेणारे रस्ते) यांवर कंट्रोलर ज्या प्रकारची जबाबदारी घेतो, तशी ती एप्रनवर आपोआप येत नाही. कुठे वेगळा एप्रन कंट्रोल असतो, कुठे ग्राउंड कंट्रोलच ते काम बघतो. पण कुठेही असलं तरी ती परवानगी वाहतुकीच्या नियोजनाची असते: तुमच्या हालचालीला आता हरकत नाही, शेपूट अमुक दिशेला करा. पंखाच्या टोकाला जागा आहे की नाही, हे जमिनीवरच्या चमूनं पाहायचं असतं. हा फरक कागदावर सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्यक्षात मात्र परवानगीचे शब्द हेडसेटमधून चालकापर्यंत येतात तेव्हा त्यांत एक वेगळीच खात्री मिसळलेली असते. 'टॉवरनं सांगितलंय' हे ऐकलं की डोळे थोडे सैलावतात. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की प्रशिक्षणात मी एक सवय लावतो: परवानगी आल्यावर प्रत्येक विंग वॉकरनं मागे वळून आपल्या बाजूची जागा नव्यानं पाहायची आणि त्यानंतरच अंगठा दाखवायचा. परवानगी येण्याआधी पाहिलेली जागा जुनी झालेली असते. मधल्या दोन मिनिटांत तिथे एखादं विमान येऊन थांबलेलं असू शकतं.

आणि नेमकं हेच वारंवार होतं. येणाऱ्या विमानाचा बे तयार नसतो. विमानाला बेवर वाट दाखवणारा डॉकिंगचा दिवा लागलेला नसतो, हातांनी इशारे देऊन विमान आत घेणारा मार्शलर पोचलेला नसतो किंवा कुणाचं तरी उपकरण लाल रेघेच्या आत राहिलेलं असतं. मग ते विमान बेच्या तोंडाशी थांबतं आणि त्याचं मागचं अर्धं अंग टॅक्सीलेनवर, म्हणजे बेपुढच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर, लटकत राहतं. त्याच्या वैमानिकाला वाटतं आपण पोचलो, दोन मिनिटांत आत जाऊ. शेजारच्या बेवर पुशबॅक सुरू करणाऱ्या चमूला वाटतं ते आत गेलं. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

५ जानेवारी २०१८ रोजी टोरोंटोच्या पिअरसन विमानतळावर घडलेली घटना याच जातीची होती. वेस्टजेटचं ७३७-८०० कॅनकूनहून १६८ प्रवासी घेऊन उतरलं होतं आणि गेटवर जाण्यासाठी थांबलं होतं. सनविंगचं दुसरं ७३७-८००, ज्यात प्रवासी नव्हते, ते टगनं मागे ढकललं जात होतं. त्याची शेपूट थांबलेल्या विमानाच्या पंखाला भिडली आणि आग लागली. प्रवाशांना आपत्कालीन घसरगुंड्यांवरून उतरवावं लागलं. पंखात इंधन असतं, शेपटीत सहायक पॉवर युनिट, म्हणजे वीज पुरवणारं छोटं इंजिन, असतं. माणसाच्या चालीच्या वेगानं झालेली टक्करही प्रवाशांना घसरगुंडीवरून उतरवण्याच्या थराला जाऊ शकते, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

या घटनेतली एक बाब माझ्या मनात पक्की बसली आहे: हलवलं जाणारं विमान प्रवाशांविना होतं. ६ एप्रिल २०२४ रोजी हीथ्रोवर टर्मिनल ३ पाशी व्हर्जिन अटलांटिकचं ७८७-९ मागे ढकललं जात असताना त्याचा पंख ब्रिटिश एअरवेजच्या उभ्या ए३५० ला लागला. ढकललं जाणारं तेही विमान आपलं उड्डाण संपवून रिकामं झालेलं होतं. दोन घटनांवरून नियम बनत नाही. पण रिकाम्या विमानाच्या हालचालीत चमू ढिला पडतो, हे मी कामावर पाहिलेलं आहे. प्रवासी नाहीत, वेळेचा फलक बघणारं कोणी नाही, कॉकपिटमध्ये वैमानिकाऐवजी ब्रेक सांभाळायला बसलेला तंत्रज्ञ, विंग वॉकर 'खऱ्या' फ्लाइटकडे गेलेले. पंख मात्र तेवढाच लांब असतो. रिकाम्या विमानाला कमी माणसं द्यायची हा हिशेब मुळातून चुकीचा आहे, आणि शक्य असतं तर मी तो प्रत्येक ठिकाणी बंद केला असता.

थोडी भूमिती सांगतो, कारण तिच्याशिवाय बाकीचं पटत नाही.

इकाओच्या अ‍ॅनेक्स १४ या विमानतळांच्या नियमावलीत विमानांची पंखांच्या रुंदीनुसार वर्गवारी आहे. ए३२० आणि ७३७ 'कोड सी'मध्ये येतात, म्हणजे २४ ते ३६ मीटर. शार्कलेट लावलेलं ए३२० किंवा विंगलेट लावलेलं ७३७-८०० (दोन्ही म्हणजे पंखाच्या टोकाचे वर वळलेले भाग) हे ३५.८ मीटर, वर्गाच्या कडेला टेकलेलं. ७७७-३००ईआर ६४.८ मीटर, ए३८० ऐंशीला थोडंसंच कमी. बेवर उभ्या विमानाचं शेजारच्या विमानापासून किंवा इमारतीपासून अंतर किती असावं तर कोड सी साठी साडेचार मीटर, त्यापुढच्या मोठ्या वर्गांसाठी साडेसात. हे अंतर विमान रेघेवर सरळ आत किंवा बाहेर जाईल असं गृहीत धरलेलं असतं.

आता वेग बघा. चालीचा वेग ताशी ५ किलोमीटर धरला तर सेकंदाला साधारण १.४ मीटर. विंग वॉकरनं धोका ओळखला, दांड्या डोक्यावर आडव्या केल्या, चालकाची नजर तिकडे गेली, त्याला अर्थ लागला, पाय ब्रेकवर गेला, टग आणि त्यामागचं वजन थांबलं. या सगळ्याला तीन सेकंद लागले तर विमान चार मीटर सरकलेलं असतं. साडेचार मीटरांतले चार तिथेच संपले. त्यात वळण असेल तर प्रकरण आणखी बिकट. विमान मुख्य चाकांभोवती फिरतं, त्यामुळे वळणात बाहेरच्या पंखाचं टोक टगपेक्षा जास्त वेगानं सरकतं. चालकाच्या स्पीडोमीटरवर पाच दिसत असतात, टोकाला वेग त्याहून जास्त असतो.

मागे झुकलेल्या पंखांची आणखी एक खोड आहे. पंखाचं टोक मुख्य चाकांच्या रेषेच्या बरंच मागे असतं. विमान फिरू लागलं की एका बाजूचं टोक, सरळ उभ्या विमानाच्या रुंदीवरून आपण जी सीमा मनात आखलेली असते, तिच्या बाहेर झेप घेतं आणि मग पुढे येतं. जमिनीवरून पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं. टोक जवळ येतंय असं वाटत नाही, आणि अचानक आलेलं असतं. दरवाजा उघडताना त्याची कड भिंतीच्या रेषेबाहेर जाते, तसाच हा प्रकार. फक्त इथे दरवाजाची बिजागरी चाकांपाशी आहे आणि कड अठरा किंवा तीस मीटर लांब. म्हणून विंग वॉकरनं पंखाच्या खाली चालायचं नसतं. त्यानं टोकाच्या बाहेर, अडथळ्याच्या बाजूला आणि चालकाच्या नजरेत राहायचं असतं. या तीनही गोष्टी एकाच वेळी साधणं कठीण आहे. पुशबॅकमध्ये विमान फिरलं की काही क्षण आतल्या बाजूचा विंग वॉकर इंजिनाच्या किंवा पोटाच्या आड जातो आणि चालकाला दिसेनासा होतो.

अशा वेळी काय करायचं याचं उत्तर एकच आहे आणि ते मी कधीही सैल करत नाही: चालकाला विंग वॉकर दिसला नाही तर टग थांबवायचा. 'थांब' असा इशारा दिसण्याची वाट बघायची नाही. अनेक ठिकाणी रीत उलटी पडलेली असते. इशारा आला तर थांबायचं, नाही आला तर चालत राहायचं. या उलट्या रीतीत विंग वॉकर घसरून पडला, त्याची दांडी बंद पडली, तो घाबरून गोठला किंवा जागेवर नव्हताच, या सगळ्यांचा अर्थ चालकासाठी 'रस्ता मोकळा आहे' असाच निघतो. शांततेला होकार समजणं ही पुशबॅकमधली सर्वात धोकादायक सवय आहे. 'रस्ता मोकळा' हा इशारा सतत, प्रत्यक्ष दिसत राहिला पाहिजे. तो थांबला की हालचालही थांबली पाहिजे.

आणि थांबवल्याबद्दल कुणाला बोलणी बसता कामा नयेत. विंग वॉकरनं विनाकारण पुशबॅक थांबवला, कंट्रोलर वैतागला, दोन मिनिटं गेली, आणि नंतर सुपरवायझरनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय झालं होतं एवढं?" असं एकदा झालं की तो मुलगा पुढच्या वेळी एक सेकंद जास्त थांबून खात्री करतो. वरचा हिशेब आठवा. तो एक सेकंद जवळजवळ दीड मीटरचा असतो. म्हणून विनाकारण ठरलेल्या थांबण्याला मी सगळ्यांदेखत शाबासकी देतो.

पृष्ठभागाबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. टग विमानाला ढकलतो तो आपल्या चाकांच्या पकडीवर. ए३२० चं कमाल उड्डाण वजन ७८ टनांच्या आसपास आहे, ७७७-३००ईआरचं ३५१ टन, आणि टग त्या तुलनेत फार हलका. कोरड्या जमिनीवर हे चालतं. ओल्या रंगाच्या पट्ट्यांवर, सांडलेल्या तेलावर, बर्फावर पकड गेली की कोण कुणाला ढकलतंय ते बदलतं. त्यात पुशबॅक चालू असतानाच इंजिनं सुरू करण्याची पद्धत आहे. इंजिन निष्क्रिय वेगावर असलं तरी पुढे रेटतं, आणि निसरड्या जमिनीवर ते टगला भारी पडू शकतं. १६ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या न्यू चिटोसे विमानतळावर कोरियन एअरचं ए३३० पुशबॅक होत असताना त्याचा पंख कॅथे पॅसिफिकच्या उभ्या ७७७ च्या शेपटीला लागला. बर्फामुळे टग घसरला, असं विमान कंपनीनं सांगितलं. कोरियन एअरच्या विमानातल्या २८९ जणांपैकी कुणालाही इजा झाली नाही. निसरड्या दिवशी माझा आग्रह असतो की इंजिनं विमान थांबून, पार्किंग ब्रेक लावल्यावरच सुरू करावीत, वळणाचा कोन कमी ठेवावा आणि वेग नेहमीच्या निम्मा. वेळ जातो. जाऊ द्यावा.

टोबार तुटण्याचा प्रश्न लोक नेहमी विचारतात. टोबारमध्ये शिअर पिना असतात. जास्त ताण किंवा जास्त पीळ आला की नोज गिअर मोडण्याऐवजी त्या तुटाव्यात, यासाठीच त्या कमकुवत ठेवलेल्या असतात. पिन तुटली की विमान टगपासून सुटतं आणि मोकळं चालू लागतं. त्या क्षणी ब्रेक फक्त वैमानिकाकडे उरतो आणि त्याला काय झालं ते माहीत नसतं. म्हणून हेडसेटवाल्याच्या तोंडून तत्क्षणी, स्पष्ट शब्दांत ब्रेक लावण्याची सूचना जायला हवी. वैमानिकानंही तो हळुवार लावायला हवा, कारण मागे जाणाऱ्या विमानाला कचकन ब्रेक लावला तर नाक उचलून ते शेपटीवर बसू शकतं. टोबारलेस टगमध्ये पाळण्यात उचललेलं नोज व्हील असतं. तिथे पिनेचा हा प्रश्न नाही, पण वळणाची मर्यादा ओलांडल्याचं कळण्यासाठी चालकाला यंत्राच्या सूचनेवर आणि नोज गिअरजवळच्या लाल खुणांवर विसंबावं लागतं.

रात्रीबद्दल एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. हलणाऱ्या विमानाचे दिवे लागलेले असतात, ते सगळ्यांना दिसतं. ज्याला धडक बसते ते विमान मात्र बऱ्याचदा वीज बंद करून उभं असतं. त्याच्या पंखाच्या टोकावर एकही दिवा नसतो आणि एप्रनच्या उंच खांबावरचा प्रकाश नेमका विंग वॉकरच्या डोळ्यांत येतो. पाऊस असेल तर ओल्या काँक्रीटवर त्याच दिव्यांचे पट्टे पसरतात. अशा रात्री नेहमीच्या दोन विंग वॉकरांशिवाय शेपटीशी एक तिसरा माणूस मागितला तर तो मिळाला पाहिजे, यावर मी कधी तडजोड केलेली नाही.

मग यंत्रं हे काम का करत नाहीत? करतात, थोडं. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेनं २०१२ मध्ये एफएए या विमान वाहतूक नियामकाला शिफारस केली होती की ज्या मोठ्या विमानांत वैमानिकाला पंखांची टोकं सहज दिसत नाहीत, त्यांत कॅमेऱ्यासारखी टक्कर टाळणारी सोय असावी. त्यामागे टॅक्सी करतानाच्या, म्हणजे विमान स्वतःच्या इंजिनांवर जमिनीवरून चालतानाच्या, टकरी होत्या. एप्रिल २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफकेवर एअर फ्रान्सच्या ए३८० चा पंख एका छोट्या सीआरजे विमानाच्या शेपटीला लागून ते विमान जागच्या जागी फिरलं होतं, त्यातली ती सर्वांना आठवणारी. शिफारस योग्यच होती. पण टॅक्सी करताना ब्रेक वैमानिकाकडे असतो, म्हणून तिथे कॅमेरा त्याच्या समोर हवा. पुशबॅकमध्ये ब्रेक टगवाल्याकडे असतो. कॉकपिटमधला कॅमेरा पुशबॅकच्या वेळी पाहणाऱ्यांत आणखी एक भर घालतो, आणि त्या पाहणाऱ्यालाही हेडसेटमार्फतच ओरडावं लागतं. मला जास्त आशा वाटते ती रिमोटवर चालणाऱ्या टगची. तिथे चालक केबिनमध्ये अडकलेला नसतो. तो चालत, जागा बदलत, पंखाकडे बघत विमान हलवू शकतो आणि बोट उचललं की टग थांबतो. डोळा आणि ब्रेक एकाच माणसाकडे बऱ्याच अंशी येतात. अर्थात त्याला दोन्ही पंख एकदम दिसत नाहीत, म्हणून विंग वॉकर तिथेही लागतोच. रिमोट टग आला म्हणून माणसं कमी करणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत. त्यांनी मिळालेला फायदा तिथल्या तिथे घालवला.

आता दोषाबद्दल. चौकशीत बहुतेक वेळा टगचालकाचं नाव पहिलं येतं, कारण हालचाल त्याच्या पायानं झालेली असते. त्याची जबाबदारी आहेच. पण ती ठरवण्याआधी मी काही गोष्टी विचारतो. त्या पाळीत विंग वॉकर किती नेमलेले होते आणि प्रत्यक्ष किती होते? कमी होते तर विमान ढकलायला नकार देण्याचा अधिकार चालकाला होता का, आणि याआधी कुणी तो वापरला होता का? चमूचं मूल्यमापन फक्त विमान वेळेवर हललं की नाही यावर होतं का? बेवरून निघण्याची वेळ चाकं हलल्यापासून मोजली जाते. त्यामुळे सगळा दबाव नेमका त्या क्षणावर येऊन पडतो, ज्या क्षणी सर्वात शांतपणे चारी बाजूंना बघायला हवं. विमान कंपनी ग्राउंड हँडलिंगचं कंत्राट सर्वात कमी दराला देते आणि हँडलर तो दर माणसं कमी करूनच गाठतो. ही साखळी चालकाच्या पायापर्यंत येते, तिथे सुरू होत नाही. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं २०२२ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जमिनीवर विमानांना होणाऱ्या नुकसानीचा वार्षिक खर्च, उपाय न केल्यास, २०३५ पर्यंत दुप्पट होऊन सुमारे १० अब्ज डॉलरवर जाईल. त्यात फक्त पुशबॅक नाही; शिड्या, लोडर, एरोब्रिज सगळं आहे. तरी या आकड्यासमोर एका विंग वॉकरचा पगार ठेवून बघा.

शेवटी, धडक झालीच तर काय करायचं. पहिली सहजप्रवृत्ती असते विमान पुढे ओढून दोघांना वेगळं करायची. ते करायचं नाही. एकात एक अडकलेले भाग ओढले तर इंधनाची टाकी फाटू शकते, ठिणगी पडू शकते. टग थांबवायचा, वैमानिकाला ब्रेक लावायला आणि इंजिनं बंद करायला सांगायचं, अग्निशमन दलाला बोलवायचं, गळती दिसली तर त्या बाजूच्या दारातून कुणी उतरणार नाही हे बघायचं, आणि तपास होईपर्यंत काहीही हलवायचं नाही.

हलका स्पर्श झाला असेल, ओरखडासुद्धा दिसत नसेल, तरीही कळवायचं. यात मी एकही अपवाद मान्य करत नाही. २६ डिसेंबर २००५ रोजी सिअ‍ॅटलहून बरबँकला निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-८३ ला जमिनीवर असताना सामानाच्या वाहनाचा धक्का लागला होता. धक्का देणाऱ्यानं तो वेळेत कळवला नाही. सुमारे २६,००० फुटांवर त्याच जागी विमानाचं अंग फाटलं आणि केबिनमधला हवेचा दाब गेला. विमान सुखरूप परतलं. ते धातूचं विमान होतं, धक्क्याची चुणी निदान पाहता आली असती. ७८७ आणि ए३५० सारख्या विमानांचं अंग कंपोझिटचं, म्हणजे धाग्यांचे थर चिकटवून बनवलेल्या साहित्याचं, आहे. त्यात बाहेरचा थर जसाच्या तसा दिसतो आणि आतले थर सुटलेले असू शकतात. ते तपासायला अल्ट्रासाऊंडची यंत्रं लागतात. पुशबॅकनंतर टोबार काढून उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या नजरेनं ते कळणं शक्य नाही. त्यामुळे 'काही झालेलं दिसत नाही' हे शब्द रॅम्पवरच्या कुणी उच्चारायचे नाहीत. 'स्पर्श झाला' एवढंच सांगायचं, विमान थांबवायचं, आणि पुढचं अभियंत्यांवर सोपवायचं.